उशीर नेमका कुणामुळे झाला?

आरोग्य संशोधकांच्या कोणत्याही परिषदेत जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की एक तक्रार हमखास कानावर येते: एथिक्स कमिटीनं प्रस्ताव तीन महिने दाबून ठेवला. मग ओघानं बाकीचंही येतं. अनुदानाची मुदत संपत चालली आहे, कमिटीतल्या लोकांना विषयातलं ओ की ठो कळत नाही, संमतिपत्रातला स्वल्पविराम बदलून आणायला सांगतात, आणि तिकडे माणसं मरताहेत. अलीकडे ही तक्रार लेखांत आणि धोरणांच्या चर्चेतही ऐटीत वावरू लागली आहे. तिचा मथितार्थ असा: नैतिक परीक्षण हे श्रीमंत देशांनी आपल्या पापांचं प्रायश्चित्त म्हणून उभं केलेलं अवडंबर आहे; आजार भरपूर आणि पैसा तोकडा असलेल्या भारताला ते परवडत नाही; त्यानं उशीर होतो आणि उशिराची किंमत रुग्ण मोजतात.

उशिराचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणूनच तो हवेत न ठेवता एखाद्या आजारावर घासून पाहायला हवा. गर्भाशयमुखाचा कर्करोग घ्या. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे ७७ हजार बायका या आजारानं गेल्या. या कर्करोगाची खासियत अशी की तो अचानक उगवत नाही. आधी कित्येक वर्षं पेशींमध्ये बदल होत राहतात आणि ते वेळीच सापडले तर पुढचं सगळं टळतं. ते शोधणारी पॅप स्मिअर चाचणी १९४० च्या दशकापासून वैद्यकाला ठाऊक आहे. या आजारावर भारतात संशोधनही काही कमी झालेलं नाही. तरीही उशीर झाला, आणि चांगलाच झाला. तो कमिट्यांनी केला का?

दिल्लीपासून सुरुवात करू. १९७६ ते १९८८ या काळात आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, आधारानं तिथे एक अभ्यास चालला. गर्भाशयमुखाच्या पेशींत बदल आढळलेल्या १,१५८ बायका त्यात होत्या. हे बदल कर्करोगाकडे कसे सरकतात ते संशोधकांना पाहायचं होतं, म्हणून उपचार न करता ते पाहत राहिले. लेखी संमती घेतलेली नव्हती. १९९७ साली हे प्रकरण छापून आलं तेव्हा, त्या काळी तशी पद्धत नव्हती, असा खुलासा झाला. खुलाशाला एक अडचण होती. अभ्यास चालू असतानाच, १९८० मध्ये, न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं मानवी संशोधनाच्या नैतिकतेविषयी धोरण मांडलं होतं, आणि ते खुद्द आयसीएमआरचंच होतं. घरातच नियम झाला आणि घरातला अभ्यास पुढची आठ वर्षं तसाच चालला. कुणी अडवलं नाही, कुणी स्वल्पविराम बदलायला सांगितला नाही.

याच सुमारास न्यूझीलंडमध्ये काय घडत होतं ते शेजारी ठेवण्यासारखं आहे. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये हर्बर्ट ग्रीन या स्त्रीरोगतज्ज्ञानं १९६६ पासून असाच प्रयोग चालवला होता: कर्करोगपूर्व अवस्थेतल्या बायकांना पुरेसा उपचार न देता पाहत राहण्याचा. तो चव्हाट्यावर आणला १९८७ मध्ये एका मासिकातल्या लेखानं. (मासिकात लिहून काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी ही नोंद.) न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांच्या चौकशीचा अहवाल १९८८ मध्ये आला. त्यातून स्वतंत्र एथिक्स कमिट्या आल्या, रुग्णांच्या हक्कांची संहिता आली आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रमही उभा राहिला. म्हणजे परीक्षण कडक झालं आणि तपासणी मागे पडण्याऐवजी पुढे आली. ज्या वर्षी हा अहवाल आला त्याच वर्षी दिल्लीचा अभ्यास संपला, आणि त्याबद्दल जाहीर प्रश्न विचारले जायला आणखी नऊ वर्षं लागली.

आता महाराष्ट्र. ऑक्टोबर १९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात एक मोठा प्रयोग सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्सच्या लिऑं शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात होती. पैसा गेट्स फाउंडेशनचा. खेड्यांचे ५२ समूह केले आणि सोडत काढावी तसे ते चार गटांत वाटले. ३० ते ५९ वयाच्या एकूण १,३१,७४६ निरोगी बायका त्यात आल्या. एका गटाला या कर्करोगाला कारणीभूत असलेल्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पॅप स्मिअर, तिसऱ्याला व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची तपासणी. चौथ्या गटाला तपासणी नाही. त्यांच्यासाठी ‘प्रचलित काळजी’.

२००९ मध्ये निकाल जाहीर झाला. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या, त्यांपैकी ३४ गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं गेल्या. पॅप स्मिअरच्या गटातल्या ३२,०५८ पैकी ५४. डोळ्यांनी पाहण्याच्या गटातल्या ३४,०७४ पैकी ५६. चौथ्या गटात ३१,४८८ पैकी ६४. तिशी ओलांडल्यावर एकदाच केलेली एचपीव्ही चाचणी मृत्यू जवळपास निम्म्यानं कमी करते हे यातून दिसलं. जगभरातल्या तपासणी-धोरणांनी त्याची दखल घेतली. बार्शीच्या पथकांनी गावोगाव फिरून केलेलं काम नाकारण्याचं कारण नाही. मुंबईतल्या झोपडवस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलनं १९९८ पासून दीड लाख बायकांवर केलेल्या प्रयोगालाही फळ आलं: दर दोन वर्षांनी व्हिनेगर-तपासणी केलेल्या गटात मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तिथेही निम्म्या बायका विनातपासणी गटात होत्या. तमिळनाडूतल्या दिंडिगुलचा असाच तिसरा प्रयोग धरला, तर तिन्ही ठिकाणच्या तपासणी न मिळालेल्या गटांत मिळून २५४ बायका दगावल्या, असा हिशेब अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट एरिक सुबा यांनी २०१४ मध्ये मांडला. तो मुंबईतूनच चालवल्या जाणाऱ्या वैद्यकीय नीतिशास्त्राच्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये छापून आला.

त्याआधी, २०१३ मध्ये, टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी याच नियतकालिकात आपली बाजू मांडली होती, आणि ती एथिक्स कमिट्यांवर वैतागणाऱ्या प्रत्येकाच्या मनातलीच बाजू आहे. भारतात प्रचलित काळजी म्हणजे तपासणी नसणंच. वास्तवाकडे डोळेझाक करून श्रीमंत देशांचा निकष इथे लावू नका. चौथ्या गटाचं आम्ही काही हिरावून घेतलं नाही.

हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. ‘तसंही मिळत नव्हतंच’ या तीन शब्दांत तो मावतो आणि तिथेच फसतो. १९९९ च्या आधी त्या खेड्यांत तपासणी नव्हती हे खरं. पण ज्या दिवशी बार्शीत प्रयोगशाळा सज्ज झाली, माणसं प्रशिक्षित झाली, गाड्या फिरू लागल्या, त्या दिवसापासून त्या परिसरात तपासणी ‘नव्हती’ असं म्हणता येत नाही. ती होती, फक्त सोडतीत तुमचं गाव कुठे निघालं यावर मिळायची किंवा हुकायची. सरकारनं न दिलेली सेवा हा सरकारचा नाकर्तेपणा. त्या नाकर्तेपणाला संशोधनाचा ‘प्रमाण निकष’ म्हणून मानाचं पान वाढायचं, आणि जिथे सरकार जितकं निकामी तिथे प्रयोग तितका सोयीचा ठरवायचा, हे कोणत्या हिशेबानं?

दुसरा बचाव शास्त्रीय आहे: तुलनेसाठी काहीच न मिळालेला गट नसेल तर काही सिद्धच होत नाही. वरचे आकडे पुन्हा पाहावेत. ३४ विरुद्ध ५४ विरुद्ध ५६. चौथा गट झाकून ठेवला तरी एचपीव्ही चाचणी सरस आहे हे दिसतंच. चौथ्या गटामुळे आणखी एक गोष्ट कळली, की एकदाच केलेल्या बाकीच्या दोन तपासण्यांनी मृत्यू फारसे घटत नाहीत. ही माहिती मोलाची आहे, हे मान्य. पण तिच्यासाठी एकतीस हजार बायकांना बिनतपासणीचं ठेवायचं का, हा प्रश्न शास्त्राच्या कक्षेत सुटणारा नाही. तो कुणीतरी बाहेरच्यानं, संशोधकाच्या नजरेला नजर देऊन विचारायचा असतो. दुसरी रचना शक्य होती का, हेही विचारता आलं असतं. गांबियात १९८६ पासून हिपॅटायटिस-बी लशीचा जो मोठा अभ्यास झाला त्यात लस टप्प्याटप्प्यानं एकेका भागात नेली आणि अखेरीस सगळ्या देशाला मिळाली. तोवर ज्यांची पाळी आली नव्हती ती मुलं तुलनेसाठी. तो अभ्यास चालवणाऱ्यांत लिऑंची तीच संस्था होती. तपासणीच्या प्रयोगात ही रचना जशीच्या तशी बसली नसती, निकालाला कदाचित जास्त वर्षं लागली असती. पण कमिटीनं ‘का नाही बसत?’ एवढं तरी विचारायला हवं होतं.

इथे कुणी गडचिरोलीकडे बोट दाखवेल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ खेड्यांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी सुरू केली आणि ४७ खेडी तुलनेसाठी ठेवली; १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निकालानुसार नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि पुढे आशाताईंमार्फत हा कार्यक्रम देशभर गेला. तिथे तुलनेची खेडी चालली, मग उस्मानाबादला का चालू नयेत? कारण गावातली थोडंफार शिकलेली बाई बाळाचा जंतुदोष ओळखून इंजेक्शन देऊ शकेल आणि बाळ वाचेल, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. बहुतेक डॉक्टरांना तर तो वेडेपणाच वाटत होता. उत्तर खरोखर माहीत नसेल तेव्हा दोन गट पाडण्यात अन्याय नाही. गर्भाशयमुखाच्या नियमित तपासणीनं मृत्यू टळतात हे मात्र अनेक दशकांपासून माहीत होतं. कोणती पद्धत इथे परवडेल एवढंच ठरायचं होतं. हा फरक ओळखणं हेच परीक्षणाचं काम. त्यासाठी माणूस कर्करोगतज्ज्ञ असावा लागत नाही.

तिसरा बचाव सगळ्यांत अवघड आहे. उस्मानाबादचा प्रयोग काही चोरून झाला नव्हता, कमिट्यांनी मंजूर केला होता. मग कमिट्यांचा उपयोग काय? उत्तर कडू आहे: त्या वेळी झाला नाही. परवानगी मिळाली म्हणजे परीक्षण झालं, असं होत नाही. मात्र पहारेकऱ्याला डुलकी लागली म्हणून दरवाजाच काढून टाका, हा सल्ला कोण ऐकेल?

डुलकीची खरी किंमत २००९ मध्ये कळली. त्या वर्षी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत १० ते १४ वर्षांच्या मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेनं आयसीएमआर आणि राज्य सरकारांच्या साथीनं सुरू केला. वीस हजारांहून जास्त मुली होत्या. प्रकल्पाला नाव दिलं ‘प्रात्यक्षिक’. औषध-चाचणीचे नियम प्रात्यक्षिकाला लागत नाहीत, अशी सोयीची समजूत. मग सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. चौकशीत या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. आढळलं ते वेगळंच. आंध्रातल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या. आश्रमशाळेतल्या आदिवासी मुलीच्या दंडात सुई टोचण्याची परवानगी तिच्या आईबापांऐवजी वॉर्डननं दिली, आणि एकानं अनेकींसाठी दिली. संसदेच्या स्थायी समितीनं ऑगस्ट २०१३ च्या आपल्या ७२ व्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले.

लस चांगली होती. आजही चांगली आहे. पण अंगठ्यांच्या त्या गठ्ठ्यानं ती संशयाच्या फेऱ्यात अडकली. लशीची किंमत हेही उशिराचं एक कारण होतं, सगळं खापर एका प्रकल्पावर फोडणं बरोबर नाही. तरी प्रकरण संसदेत आणि न्यायालयात गेल्यावर कोणतं सरकार ती लस शाळांत न्यायला धजावेल? पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लशीला मंजुरी मिळाली २०२२ मध्ये, आणि ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा केंद्राच्या अर्थसंकल्पात झाली २०२४ मध्ये. मधली चौदा वर्षं कुणाच्या खात्यावर मांडायची? २००९ मध्ये एखाद्या कमिटीनं ‘आईबापांना गाठा, चार महिने जास्त लागले तरी चालतील’ असं ठणकावलं असतं, तर ते चार महिने फार स्वस्त पडले असते.

समाजशास्त्र आणि सामाजिक कार्यवाल्यांची तक्रार जरा वेगळी असते. आम्ही ना सुई टोचतो ना गोळी देतो; नुसते प्रश्न विचारतो, आमच्यामागे हा ससेमिरा कशाला? नवरा मारतो का, हा प्रश्न नुसताच असतो का, ते एखाद्या दोन खोल्यांच्या घरात पाहावं. बाई भाजी निवडतेय, सासू उंबऱ्याशी बसली आहे, दीर बाहेर फोनवर. उत्तर ‘हो’ असेल तर ते संध्याकाळपर्यंत नवऱ्याच्या कानावर जाणार आणि पुढचा मार त्या उत्तराचा असणार. हे ओळखूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ मध्ये घरगुती हिंसेवरच्या संशोधनासाठी सूचना काढल्या. मुंबईत देवनारला असलेल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून चालणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात त्यांचा वापर होतो. हिंसेचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला विचारायचे, तेही एकटीला. एकांत मिळत नसेल तर तो भाग सोडून द्यायचा. माहिती कमी मिळाली तरी चालेल, असा हा नियम आहे. संशोधकाला नकोसा वाटणारा हा नियम बाहेरून कुणी घातला नसता, तर किती प्रश्नावल्या अपुऱ्या ठेवल्या गेल्या असत्या?

आणि इजा एकट्यादुकट्यालाच होते असंही नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण गाजलं तेव्हा काही गावांना ‘गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव’ अशी ओळख चिकटली. प्रत्येक बाईनं मुलाखतीला स्वतंत्र संमती दिली असली तरी गावाची संमती कुणी घेतली? त्या गावातल्या मुलींची लग्नं जमवताना ही ओळख आडवी येते. ‘सेहत’ या मुंबईच्या संस्थेच्या पुढाकारानं आरोग्याच्या सामाजिक संशोधनासाठी २००० मध्येच मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली होती. म्हणजे ‘आमच्या क्षेत्राला हे परकं’ असं म्हणायलाही जागा नाही.

तक्रारीत तथ्य नाही असं मात्र नाही. कमिट्यांचा बराचसा वेळ खरोखर कागदांत जातो. बारा पानी संमतिपत्र, त्यात ‘सदर संशोधनामध्ये स्वेच्छेने सहभागी होण्याबाबत मला अवगत करण्यात आले असून’ असली तहसील कचेरीची भाषा, आणि शेवटी शाईचं पॅड. वाचून दाखवणाऱ्यालाही धाप लागते. बाईला विचारायचं असतं ते ‘नाही म्हटलं तर दवाखान्यात पुढच्या वेळी नीट बघतील ना?’ एवढंच. त्याचं उत्तर बारा पानांत कुठेतरी पुरलेलं असतं. असं संमतिपत्र बाईचं संरक्षण करत नाही, संस्थेचं करतं. हा दोष कमिट्यांनी पदरात घ्यायला हवा.

पण दिरंगाईवर उपाय शोधायला नवं काही करावं लागत नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत धोका नगण्य असलेल्या संशोधनाला सूट आहे, कमी धोक्याच्या प्रस्तावांसाठी झटपट परीक्षण आहे, पूर्ण बैठक लागते ती बाकीच्यांनाच. कोविडच्या पहिल्या लाटेतच, एप्रिल २०२० मध्ये, कमिट्यांनी ऑनलाइन बसून तातडीनं निर्णय कसे घ्यावेत याच्या सूचना आल्या. नवीन औषधांच्या २०१९ च्या नियमांनुसार कमिटीत किमान सात जण लागतात, निम्मे संस्थेबाहेरचे, त्यात एक सामान्य नागरिक. या नागरिकाच्या खुर्चीवर संस्थेच्याच ओळखीतला निवृत्त अधिकारी बसवायचा की संशोधन जिथे व्हायचं त्या वस्तीतली अंगणवाडीताई, हे संस्थेच्या हातात आहे.

लहान संस्थांना कमिटी चालवणं झेपत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. औषध-चाचण्यांच्या नियमांत त्यावर एक तोड आहे: स्वतःची कमिटी नसेल तर त्याच शहरातल्या किंवा ५० किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या कमिटीकडे जाता येतं. पुणे-मुंबईला हे सोपं. गडचिरोलीतल्या भामरागडहून ५० किलोमीटरच्या आत कुणाकडे जाणार? शिवाय बऱ्याच ठिकाणी सदस्य फुकट काम करतात, कार्यालयात एकटा कारकून, आणि मंजूर केलेलं संशोधन गावात प्रत्यक्ष कसं चाललं आहे ते पाहायला जायचं तर प्रवासखर्चाची तरतूद नाही. संशोधनाच्या प्रत्येक अनुदानात परीक्षणाच्या आणि गावभेटींच्या खर्चाचा वेगळा रकाना असावा, आणि कमिट्यांचे निर्णय कारणांसह जाहीर व्हावेत, ही मागणी संशोधकांनी करायला हवी. जेवणाच्या रांगेत ती अजून कुणी केल्याचं ऐकिवात नाही.